कुंकू लावलेला विमा

साऱ्या इंग्लंडात मोटारीच्या विम्यावर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो स्लाऊमध्ये आमच्या घरासमोर राहत होता, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. बाकीचं जग विमा काढतं ते नाइलाजानं, दुखरा दात काढून घेतात तसं. काका मात्र विम्याचा कागद हातात आला की आधी चष्मा पुसत, मग पाटावर बसावं तसे खुर्चीवर मांडी घालून बसत, आणि वरच्या छापील नावापासून खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत तो सगळा वाचून काढत. वाचताना मधूनच मान हलवत. कागद त्यांचा नसे. तो आमच्यापैकी कुणाचा तरी असे, कारण काकांच्या स्वतःच्या गाडीला विमाच नव्हता. त्यांचं नाव मी सांगत नाही. आमच्या रस्त्यावर लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत, मीही तेच म्हणते.

मुंबईत काका सरकारी विमा कचेरीत खिडकीवर बसत. त्यांच्या खिडकीसमोर टॅक्सीवाले आणि टेम्पोवाले रांग लावत, काका त्यांच्यावर खेकसत, आणि शेवटी त्यांचे अर्ज स्वतःच भरून देत. पंचाहत्तरच्या सुमारास ते काकींच्या मागोमाग इकडे आले, कारण काकी नर्स होत्या आणि इथल्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या. खिडकीवरच्या अनुभवाची मात्र इथे कुणाला गरज नव्हती. ट्रेडिंग इस्टेट म्हणजे इथली कारखान्यांची वसाहत, तिथल्या खोक्यांच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर झाले. पण मनानं ते खिडकीवरून कधी उठलेच नाहीत, आणि इथे आल्या आल्या त्यांना जो धक्का बसला तो त्यांना शेवटपर्यंत पचला नाही. “अगं, सरकार म्हणतं विमा काढ, नाहीतर कोर्टात उभा राहा. ठीक. मग कुठे काढू? तर म्हणतं, ते आम्हाला काय माहीत, बाजारात बघ. आणि बाजारवाला काय विचारतो? राहतोस कुठे, नोकरी काय, गाडी गॅरेजमध्ये असते की रस्त्यावर. ज्याच्याकडे गॅरेज नाही त्याला जास्त पैसे. म्हणजे गरीब आहेस ना, मग भर अजून.” हे भाषण मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल. तव्यावर पोळी टाकलेली असतानाही ऐकलंय.

नुसत्या भाषणावर थांबणारे काका नव्हते. त्यांनी अकरा कलमांची एक योजना तयार केली होती. कमी पगाराच्या ड्रायव्हरांसाठी सरकारनं हमी घेऊन स्वस्तात गाडीचा विमा द्यावा, खिडक्या पोस्टात उघडाव्यात, आणि खिडकीवरच्या माणसानं अर्ज भरायला मदत करावी. हे शेवटचं अकरावं कलम त्यांचं सगळ्यात लाडकं. ही योजना ते दर महिन्याला आमच्या खासदाराला पाठवत, आणि शिवाय शनिवारी खासदार लोकांना भेटायला बसे तिथे फाइल घेऊन जात. उत्तर दर वेळी एकच येई, की आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. ती उत्तरं काका तारखेनं लावून प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवत. मी एकदा कंटाळून म्हटलं, “काका, तो वाचतसुद्धा नसेल.” काका माझ्याकडे खिडकीतून बघावं तसे बघत म्हणाले, “नोंद घेतली म्हणजे फाइल उघडली. तू कचेरीत काम केलेलं नाहीस, तुला नाही कळायचं.”

त्यांची गाडी क्रीम रंगाची होती, जुनी, चार दारांची. शहाऐंशी साली तिच्या विम्याचा हप्ता एकदम इतका वाढला की काकांनी ते पत्र वाचून त्याची घडी घातली आणि गाडीची किल्ली काकींच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. “योजना मंजूर झाली की काढू,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून गाडी घरापुढच्या फरशीवर जी उभी राहिली ती फाटकाबाहेर गेली नाही. स्वतःच्या जागेत उभ्या गाडीला विमा लागत नाही, हे त्यांनी कायदा वाचून नक्की केलं होतं. दर रविवारी देव्हाऱ्यातून किल्ली निघे, काका दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत, आणि मग बंद गाडीत दोघं बसत. काकी थर्मास आणि विणकाम घेऊन, काका पेपर घेऊन. पट्टे लावून बसत, हे मुद्दाम सांगते. समोरच्या काचेतून त्यांना आमचं दार आणि आमची कचऱ्याची पेटी एवढंच दिसे. मी दूध आत घेताना विचारी, “आज कुठे?” काच खाली करून काका म्हणत, “आज ब्रायटन.” आमचे हे आत येऊन पोट धरून हसत. मीही हसे.

चालताना काकांना दुसरा छंद होता. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेवरची टॅक्सची गोल चिठ्ठी ते वाकून वाचत. मुदत संपत आली असेल तर खिशातला कागद काढून, तारीख लिहून, वायपरखाली ठेवत. खाली सही म्हणून ‘एक हितचिंतक’. यामुळे दुकानापर्यंतच्या पाच मिनिटांच्या वाटेला त्यांना पाऊण तास लागे आणि एकदोघांनी त्यांना गाडीचोर समजून हटकलंही होतं.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे दसरा. आपल्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा करतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. काकांचं म्हणणं असं की या देशात गाडी चालते ती इंजिनावर नाही, विम्यावर चालते, तेव्हा पूजा कागदाची झाली पाहिजे. आमच्या भागातली सातआठ मराठी घरं दसऱ्याला सकाळी आपापल्या गाड्या घेऊन त्यांच्या फाटकासमोर येत. परसातला झेंडू तोवर कसाबसा तग धरून असे. काका सोवळं नेसून, वर स्वेटर घालून उभे. प्रत्येकानं आपलं विम्याचं सर्टिफिकेट बॉनेटवर ठेवायचं. काका पळीनं पाणी शिंपडत, पॉलिसीच्या नंबराला हळद लावत, आणि जिथे मुदत संपण्याची तारीख असे तिथे ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट. मग एका लाल कापडी वहीत काहीतरी लिहून घेत. मुदतीच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आलाच म्हणून समजा. मला वाटे, नाव आणि तारीख लिहीत असतील.

आता माझं सांगते. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ह्यांचा कारखाना बंद पडला आणि हे घरी बसले. मी इथल्या नगरपालिकेत, कौन्सिलमध्ये, होम हेल्प म्हणून लागले. म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, चहा करून द्यायचा, बाजार आणायचा. दिवसाला सात घरं, सात दिशांना. गाडीशिवाय ती नोकरी होतच नाही, आणि त्या एका नोकरीवर आमचं घर उभं होतं. सप्टेंबरात विमा काढायला मी हाय स्ट्रीटवरच्या एका एजंटाकडे निघाले तर काका वाटेत आडवे. “कामासाठी गाडी वापरतेस, मग कामाचं कलम घाल. नुसत्या घरगुती विम्यावर तू त्या आज्यांकडे गेलीस तर ती गाडी बिनविम्याची.” त्या कलमाला वीस पौंड जास्त लागत होते. मी चिडून म्हटलं, “काका, वीस पौंडात माझा आठवड्याचा बाजार येतो.” काका हलले नाहीत. शेवटी केवळ पिच्छा सुटावा म्हणून मी ते कलम घातलं, आणि दसऱ्याला तोच कागद रागारागानं त्यांच्यासमोर बॉनेटवर आपटला. पूजा झाल्यावर घडी घातली आणि घरी जाऊन खणात कोंबला. पाहिलासुद्धा नाही.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मला पोलिसानं अडवलं. मागचा दिवा गेला होता. पोरसवदा पोलीस, अगदी अदबीनं बोलला. इथे अडवलं की लगेच पकडत नाहीत, एक चिठ्ठी देतात, की सात दिवसांच्या आत पोलीस स्टेशनवर येऊन लायसन्स, गाडीच्या तपासणीचा दाखला आणि विम्याचं सर्टिफिकेट दाखवा. तिला लोक प्रोड्यूसर म्हणतात. मी निर्धास्त होते. घरी येऊन खण उघडला, सर्टिफिकेट उलगडलं, आणि ह्यांना हाक मारली.

एजंटानं तो कागद शाईच्या पेनानं भरला होता. त्यावर काकांचं पाणी, त्यावर हळद, त्यावर कुंकू, आणि वर मी घातलेली घडी. तारखेच्या जागी तळहाताएवढा लाल डाग होता. नंबर पिवळ्या ओघळात वाहून गेला होता. कंपनीचं छापील नाव आणि माझं अर्धं आडनाव एवढंच वाचता येत होतं. ह्यांनी तो कागद खिडकीशी उजेडात धरला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाले, “हे दाखवण्यापेक्षा हरवला म्हटलेलं बरं.”

मंगळवारी मी एजंटाकडे गेले तर दुकानाला कुलूप आणि काचेवर ‘भाड्यानं देणे आहे’ अशी पाटी. बुधवारी कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, पॉलिसी नंबर सांगा. नंबरावर हळद आहे हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना. मी म्हटलं, पाणी सांडलं. ती म्हणाली, नंबर नसेल तर पत्र लिहा, शोधून नवीन प्रत पाठवायला तीन आठवडे लागतील. माझ्याकडे पाच दिवस होते. गुरुवारी मी प्रामाणिकपणे सुपरवायझरला सांगून टाकलं, आणि तिथेच चुकले की काय असं झालं. ती बाई वाईट नव्हती, पण नियमाला पक्की. “सोमवारपर्यंत पोलिसांचा शिक्का घेऊन ये. तोवर गाडी घेऊन कुणाच्या घरी जायचं नाही. सोमवारी नाही आलीस तर मला तुझी घरं दुसरीला द्यावी लागतील.” दुसरीला म्हणजे कायमची. माझ्या सातांपैकी एक आजी पूर्ण आंधळी होती आणि माझ्या चपलांच्या आवाजावर दार उघडायची. शुक्रवारी तिच्याकडे कोण गेलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. आणि विमा नाही असं ठरलं तर कोर्ट, दंड, लायसन्सवर शिक्षेचे गुण, आणि मग गाडीची नोकरी कुठेच मिळायची नाही.  हे दिवसभर नुसते खुर्ची इकडची तिकडे करत होते.

आणि हे सगळं ज्यांच्यामुळे झालं ते काका भाच्याच्या लग्नाला इल्फर्डला गेले होते. रोज मी समोरच्या त्या क्रीम गाडीकडे बघून दात-ओठ खात होते. मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरात दिवा लागलेला दिसला तशी मी तो कागद घेऊन तडक गेले. काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सोमवारपासूनचं सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हटलं, “तुमच्या पूजेनं माझी नोकरी घालवली, काका.”

 तो लाल डाग काकांनी बोटानं चाचपून पाहिला. दुसऱ्याचा कागद सांभाळण्यात ज्या माणसाचं सगळं आयुष्य गेलं, त्याच्याच हातून कागद बुडाला होता. त्यांचा चेहरा इतका उतरला की काकी मागून पाणी घेऊन आल्या. “हे मी केलं,” ते हळूच म्हणाले. मग एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवतारात उठले, कोटाच्या आतल्या खिशातून ती लाल वही काढली आणि पानं उलटली. माझ्या पानावर फक्त नाव आणि तारीख नव्हती. पॉलिसीचा नंबर, कंपनी, गाडीचा नंबर, कलमं, एजंटाचं नाव, सगळं मराठी अक्षरांत आणि मराठी आकड्यांत उतरवलेलं होतं. मी म्हटलं, “नंबर लिहून द्या, उद्या सकाळीच जाते.”

“एकटी जायचं नाही,” काका म्हणाले. “नंबर तोंडी सांगशील, पण कागदावर डाग आहे. ते म्हणतील, बाईनंच तारीख पुसली. साक्षीदार पाहिजे. डाग माझा आहे, मी येणार.” त्यांची पाळी अडीचला सुटत होती. आमच्या पोलीस स्टेशनचं काउंटर पाचला बंद होई, आणि विमा कंपनीची कचेरीही पाचला. मी हिशेब केला, गाडीनं दहा मिनिटं. म्हटलं चालेल.

सोमवारी तीन वाजता मी गाडी काढून त्यांच्या फाटकाशी उभी केली. काका कोट-टाय करून आले, वही छातीशी, आणि गाडीच्या दाराला हात लावेनात. “ज्या सर्टिफिकेटवरची तारीख वाचता येत नाही, त्या गाडीत मी बसणार नाही. तूही चालवू नकोस. पोलीस स्टेशनच्या दारात बिनविम्याच्या गाडीतून उतरायचं?” मी म्हटलं, “अहो, विमा आहे, तुमच्याच वहीत आहे.” तर म्हणाले, “वहीत आहे. कंपनीनं अजून हो म्हटलेलं नाही.” बस नुकतीच गेली होती, पुढची दीड तासानं. मला रडू येईल असं झालं, पण त्यांच्याशिवाय जाण्यात अर्थ नव्हता. आम्ही चालत निघालो. अडीच मैल, वर भुरभुर पाऊस, आणि काकांचा उजवा गुडघा दुखरा.

पहिला मैल मी घड्याळ बघत गेले आणि काका गाड्या बघत आले. सवयच ती. एका निळ्या गाडीपाशी ते वाकले, खिसा चाचपला, कागद काढला. तेव्हा मात्र माझा तोल सुटला. भर रस्त्यात, त्यांच्या वयाचा मान न ठेवता मी म्हटलं, “काका, त्या गाडीची मुदत महिनाअखेर संपतेय. माझी आज पाच वाजता संपतेय.” काकांनी पेन खिशात ठेवलं. पुढचा दीड मैल त्यांनी एकाही गाडीकडे पाहिलं नाही. मान खाली घालून, लंगडत, माझ्यापेक्षा भराभर चालले. मला लगेच वाईट वाटलं, पण ते सांगण्याइतका वेळ नव्हता.

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही काउंटरशी पोचलो तर पुढे तिघं. आमची पाळी आली तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. काउंटरवरचा सार्जंट जाडजूड, मिशाळ, दिवसभर कंटाळलेला. लायसन्स बघितलं, दाखला बघितला, आणि सर्टिफिकेट उलगडून हातातच धरून राहिला. “हे काय आहे? रक्त?” त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले आणि त्यांच्या खिडकीवरच्या खणखणीत इंग्रजीत म्हणाले, की हे रक्त नाही, कुंकू आहे, आणि ते मी लावलं आहे. वर्षातून एकदा आम्ही विम्याच्या कागदाची पूजा करतो.

सार्जंटनं कागद खाली ठेवला. “मोटारीच्या विम्याची पूजा?”

“कुणीतरी करायला हवी,” काका म्हणाले.

त्याच्या मिशा हलल्या, पण डोळे हलले नाहीत. तारखेवरच डाग कसा, नंबरावरच कसा, हे त्यानं मला पुन्हा पुन्हा विचारलं. एका कागदावर काहीतरी लिहिलं. तारीख मुद्दाम पुसलेला दस्तऐवज ही फार गंभीर गोष्ट आहे, असं म्हणाला.  काकांनी वही काउंटरवर ठेवली. सार्जंटला ते आकडे वाचता येईनात. तेव्हा काका एकेक आकडा बोटानं दाखवून इंग्रजीत सांगू लागले, तो लिहू लागला, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी झाले. मग त्यानं फोन उचलला. कंपनीचा फोन लागला, कुणीतरी थांबायला सांगितलं. आम्ही तिघंही थांबलो. त्या वेळात सार्जंट एका हातानं वही चाळत होता. माझं पान, शेजाऱ्यांची पानं. पहिल्या पानावर येऊन तो थांबला आणि त्यानं विचारलं, हे कुणाचं?

“माझं,” काका म्हणाले.

“इथे शेवटी एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसते. काय लिहिलंय?”

मीही वाकून पाहिलं. ‘८७, गाडी दारात. ८८, गाडी दारात.’ काकांनी मान खाली घालून त्याला अर्थ सांगितला, की हप्ता परवडला नाही, म्हणून गाडी रस्त्यावर आणत नाही. “मग इथवर आलात कसे?” “चालत.” सार्जंटनं त्यांच्या भिजलेल्या कोटाकडे आणि बुटांकडे बघितलं. तो आणखी काही विचारणार तोच फोनमध्ये आवाज आला. तो ऐकत गेला, हो हो म्हणत गेला, आणि घड्याळात पाचला चार कमी असताना त्यानं फोन ठेवला. पॉलिसी खरी होती, चालू होती, आणि कामासाठी गाडी वापरण्याचं कलम तिच्यात होतं. “हे बरं केलंत,” शिक्का मारताना तो मला म्हणाला. “तुमच्यासारख्या बायका येतात, त्यांच्याकडे नुसता घरगुती विमा असतो. त्यांना मला कोर्टात पाठवावं लागतं.” मी काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

बाहेर येऊन मी त्यांना वाकून नमस्कार केला, तिथेच, ओल्या फुटपाथवर. काका गडबडून म्हणाले, “उठ, उठ, लोक बघतायत.” परतताना ते पुन्हा प्रत्येक गाडीपाशी वाकले, आणि मीही थांबले. त्या निळ्या गाडीच्या वायपरखाली चिठ्ठी मी ठेवली. दुसऱ्या दिवशी मी आंधळ्या आजीच्या दारात उभी होते आणि तिनं मी घंटी वाजवायच्या आत दार उघडलं.

त्यानंतर एका गोष्टीत माझा स्वभाव बदलला. रविवारी समोर दोघं पट्टे लावून बसलेली दिसली की मला पूर्वीसारखं हसू येईना. हा माणूस आमच्या आठही घरांच्या गाड्या रस्त्यावर ठेवत होता आणि स्वतःची दारात. आम्ही एकदा सगळ्यांनी मिळून त्यांचा हप्ता भरायचं ठरवलं, तर काका भयंकर रागावले. “मला एकट्याला नकोय. सगळ्यांना मिळू दे, मग मी घेईन,” म्हणाले, आणि योजनेत बारावं कलम घालून ती खासदाराला पाठवली. दसरे होत राहिले. कुंकू मात्र त्या वर्षापासून त्यांनी कधी कागदाला लावलं नाही, बॉनेटला लावलं.

नव्वदची वर्षं संपता संपता सरकारनं नियम काढला, की रस्त्यावर न आणलेल्या गाडीबद्दलही पत्रानं कळवायचं. लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. काका तो फॉर्म घेऊन घरोघर दाखवत फिरले. “बारा वर्षांत पहिल्यांदा सरकारनं माझ्या गाडीची चौकशी केली. बघितलंस? फाइल उघडलेली होती.” पुढच्याच हिवाळ्यात ते गेले. योजना काही आली नाही. खासदारही तोवर दोनदा बदलले होते.

काकी ब्रॅकनेलला मुलीकडे जायला निघाल्या तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातली किल्ली आणि लाल वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “गाडी घेणारा बघ कुणीतरी.” मी घेणारा नंतर बघितला. आधी गाडीची तपासणी करून घेतली, टॅक्स भरला, आणि माझ्या नावानं तिचा रीतसर विमा काढला, सगळी कलमं वाचून. सर्टिफिकेट आलं तसं ते बॉनेटवर ठेवलं आणि कुंकवाचं एक बोट लावलं, अगदी खालच्या कोऱ्या कोपऱ्यात, कोरडं. मग रविवारी सकाळी काकींना पुढे बसवलं. त्यांनी थर्मास घेतला, विणकाम घेतलं, पट्टा लावला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. दर रविवारची दहा मिनिटं तिनं लक्षात ठेवली होती.

स्लाऊ मागे पडलं, मोटरवे लागला. तासाभरानं काकी बाहेर बघत म्हणाल्या, “बरंच लांब आहे गं. आम्हाला तर एवढा वेळ कधी लागला नाही.”

समुद्राशी गाडी लावल्यावर त्यांनी चहा ओतला. मी वहीचं पहिलं पान काढलं. दर वर्षाची एकेक ओळ, सगळ्या सारख्या, गाडी दारात, गाडी दारात, त्यांच्या त्या नीटस खिडकीवरच्या अक्षरात. शेवटच्या ओळीखाली मी त्या वर्षाचा आकडा घातला आणि लिहिलं, गाडी ब्रायटनला.